घाट उतरला की डावीकडे ओढणारी गाडी

गाडी एका बाजूला ओढते म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: अलाइनमेंट करून घ्या. आमच्या गाडीची अलाइनमेंट झाली, बॅलन्सिंग झालं, पुढचे टायर मागे गेले आणि तरीही ती डावीकडे ओढतच राहिली. शेवटी दोष सापडला तो हातभर लांबीच्या एका रबरी नळीच्या आत. तिथपर्यंत कसे पोचलो ते सविस्तर लिहिते आहे, कारण या तक्रारीपायी लोक चांगले टायर बदलून टाकतात आणि खरा दोष तसाच घेऊन फिरतात. तो दोष ब्रेकमध्ये असेल तर असं फिरणं धोक्याचं आहे.

गाडी म्हणजे साधी पेट्रोल हॅचबॅक, दहा वर्षांच्या पुढची. पुढे डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी दाबणारे, आणि मागे ड्रम ब्रेक. आम्ही राहतो चिपळूणला, माझं माहेर कऱ्हाडचं, त्यामुळे कुंभार्ली घाट तिच्या नेहमीच्या वाटेवरचा. कोकणातले पावसाळे तिने उघड्यावर काढले आहेत. गुहागरच्या खाऱ्या हवेत ती उभी राहिली आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात आम्ही ती उंचावर नेऊन लावली होती, तरी चाकं अर्ध्यापर्यंत गाळाच्या पाण्यात होती. तेव्हा इंजिनात पाणी गेलं नाही याचंच समाधान मोठं होतं. चाकांच्या आत काय झालं असेल हे बघायला त्या दिवसांत चिपळुणात कोणाला उसंत नव्हती.

तक्रार पहिल्यांदा जाणवली ती कऱ्हाडहून परत येताना. हेळवाकवरून घाट उतरून पोफळीला सपाटीला लागलो, आणि स्टिअरिंग थोडं उजवीकडे धरून ठेवावं लागायला लागलं. पकड सैल केली की गाडी रस्त्याची कडा धरायची. शिरगाव ओलांडून खेर्डीला येईपर्यंत मनगट भरून आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेले तेव्हा मात्र काहीच नाही. पुढच्या वेळी घाट उतरल्यावर पुन्हा तेच.

अलाइनमेंटवाल्याने गाडी रॅम्पवर चढवली, मशीनवर आकडे दाखवले, काहीतरी फिरवलं आणि हातात कागद दिला. वर असंही सांगितलं की पुढचे दोन्ही टायर बदला, म्हणजे प्रश्नच मिटेल. टायरची नक्षी अजून भरपूर शिल्लक होती. मी टायर बदलले नाहीत, पण तो कागद जपून ठेवला, आणि घरी येऊन तो नीट वाचायला शिकले. या मजकुरातला हा भाग रुक्ष आहे, पण तो कळला तर पुढचं सगळं सोपं जातं.

कागदावर तीन कोन असतात. कॅम्बर म्हणजे गाडीकडे समोरून बघताना चाक आत किंवा बाहेर किती कललं आहे ते. कॅस्टर म्हणजे बाजूने बघताना चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष मागे किती कललेला आहे ते. टो म्हणजे वरून बघताना दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे आहेत की एकमेकांपासून फाकलेली आहेत ते. गाडी ओढते ती कॅम्बर किंवा कॅस्टर डाव्या-उजव्या चाकात वेगळं असेल तर. ज्या चाकाचा वरचा भाग जास्त बाहेर झुकलेला त्या बाजूला ती जाते, आणि ज्या बाजूचा कॅस्टर कमी त्या बाजूलाही जाते. दोन बाजूंच्या कॅस्टरमध्ये साधारण अर्ध्या अंशापर्यंतचा फरक सहसा चालून जातो. पुढच्या चाकांचा टो बिघडला तर टायर कडेने झिजतात, स्टिअरिंग वाकडं होतं, पण गाडी एका बाजूला ओढत नाही, कारण चालत्या गाडीत दोन्ही पुढची चाकं तो फरक आपसांत वाटून घेतात.

आता यातली खरी गोष्ट अशी की आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेला चाकाचा आधार) असतात, आणि त्यांत कॅम्बर आणि कॅस्टर फिरवायची सोयच सहसा नसते. फिरवता येतो तो फक्त टो. म्हणजे एरवी ज्याला आपण अलाइनमेंट म्हणतो त्यात ओढण्याशी संबंध असलेले दोन कोन नुसते मोजले जातात, आणि ज्याचा संबंध नाही तो दुरुस्त केला जातो. आमच्या कागदावर दोन्ही बाजूंचे कॅम्बर आणि कॅस्टर जवळजवळ सारखे होते. खड्ड्यात आपटून लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) किंवा स्ट्रट वाकला असता तर ते इथेच दिसलं असतं. त्यामुळे तो कागद निरुपयोगी ठरला नाही. गाडीचे पाय सरळ आहेत एवढं त्याने पक्कं सांगितलं.

मग एकेक शक्यता गाळत जायचं ठरवलं. सर्वांत आधी हवा. टायर थंड असताना, म्हणजे रात्रभर उभ्या गाडीची, घरच्या गेजने हवा मोजली आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरशी ताडून पाहिली. पंपावर जाऊन मोजली तर तिथे पोचेपर्यंत टायर तापलेले असतात आणि आकडा वाढलेला दिसतो. एका पुढच्या टायरमध्ये पाच-सहा पीएसआय कमी असले तरी गाडी त्या बाजूला ओढू शकते. आमची हवा चारही चाकांत बरोबर होती.

मग रस्ता. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला मधून कडेकडे दोन-अडीच टक्के उतार दिलेला असतो, आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे निर्दोष गाडीसुद्धा हळूहळू डावीकडे जाते. म्हणून डावीकडे ओढण्याची तक्रार तपासताना रस्त्याचा वाटा आधी वजा करावा लागतो. उजवीकडे ओढत असेल तर तिथे शंकेला जागा कमी. कोकणात सपाट आणि सरळ रस्ता शोधणं हेच एक काम आहे. रविवारी सकाळी मी आणि भाऊ परशुराम घाट चढून लोट्याला गेलो. एमआयडीसीतल्या आतल्या रस्त्यांवर त्या वेळी वर्दळ नसते. मागेपुढे कोणी नाही हे भावाने बघायचं आणि मी रस्त्याच्या बरोबर मधून, जिथे उतार कुठल्याच बाजूला नसतो तिथून, चाळीसच्या वेगाने गाडी न्यायची. हात स्टिअरिंगवरून काढायचे नाहीत, फक्त बोटं टेकलेली ठेवायची. गाडी सरळ गेली. जाताना सरळ, येताना सरळ.

परत निघालो, परशुराम घाट उतरलो, आणि बहादूरशेख नाक्याच्या अलीकडे ती पुन्हा डावीकडे ओढायला लागली.

तोवर आम्ही दोघं टायरचाच विचार करत होतो. रेडियल टायरच्या आतला पोलादी तारांचा पट्टा बनवताना किंवा आपटल्यामुळे किंचित सरकला, तर तो टायर बाहेरून गोल दिसूनही शंकूसारखा वागतो आणि गाडी एका बाजूला नेतो. त्याची परीक्षा सोपी आहे: पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलायचे. ओढ उलट्या बाजूला गेली तर दोष टायरचा, त्याच बाजूला राहिली तर टायर निर्दोष. ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो ते मात्र असे बदलायचे नसतात. आमच्या टायरवर बाण नव्हता. बदलून पाहिले, ओढ डावीकडेच राहिली. नवे टायर घेतले असते तर काय झालं असतं याचं उत्तर तिथेच मिळालं.

पण त्या रविवारी मला जास्त मोलाचं जे वाटलं ते वेगळं होतं. तीच गाडी, तेच टायर, तेच कोन, आणि घाट उतरण्याआधी सरळ, उतरल्यानंतर वाकडी. टायरचा किंवा कोनाचा दोष असा येतजात नाही, तो सतत असतो. मग मी मागचं सगळं आठवून वहीत मांडलं. चिपळूणहून कऱ्हाडला जाताना घाट चढतो, ब्रेक फारसा लागत नाही, तेव्हा ओढ नसते. पाटण ते कऱ्हाड मोकळ्या रस्त्यावर नसते. कऱ्हाडच्या बाजारपेठेत रहदारीत अडकून बाहेर पडलं की थोडी असते. घाट उतरल्यावर भरपूर असते. रात्रभर उभी राहिल्यावर अजिबात नसते. गाडी कुठल्या बाजूला ओढते यापेक्षा कधी ओढते हे आधी विचारलं असतं, तर मशीनवर चढवायची गरजच पडली नसती, असं माझं आता ठाम मत आहे. आणि सकाळी गॅरेजात नेऊन दाखवलेल्या थंड गाडीत कोणालाच काही का सापडत नव्हतं, तेही त्या यादीतून उलगडलं.

ब्रेकवर संशय गेल्यावर तपासायच्या गोष्टी घरी करण्यासारख्या होत्या. घाटातून येऊन सपाट जागी गाडी न्यूट्रलला टाकली आणि ढकलून पाहिली, तर ती अंग चोरून उभी राहिली. सकाळी तीच गाडी एका हाताने हलायची. डाव्या पुढच्या चाकाच्या रिमवर काळी भुकटी उजवीपेक्षा कितीतरी जास्त होती. ती पॅडची, म्हणजे ब्रेक लावल्यावर डिस्कला घासणाऱ्या पट्ट्यांची, झीज. भावाच्या कारखान्यात उष्णता मोजायची इन्फ्रारेड बंदूक असते, ती त्याने एका संध्याकाळी आणली. घाटातून उतरल्या उतरल्या मोजून उपयोग नाही, कारण तेव्हा दोन्ही ब्रेक तापलेले असतातच. म्हणून सपाट रस्त्यावर बराच वेळ ब्रेक न लावता गाडी चालवली आणि मग थांबून मोजलं. चकचकीत डिस्कवर ही बंदूक खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते, म्हणून दोन्ही बाजूंना कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्यासारख्या भागाच्या, काळ्या अंगावर, एकाच ठिकाणी नेम धरला. उजवं पन्नास अंशांच्या आसपास, डावं शंभराच्या वर. बंदूक नसेल तर रिमजवळ तळहात नेऊन फरक कळतो. डिस्कला मात्र हात लावायचा नाही, कातडी सोलली जाईल इतकी ती तापलेली असू शकते.

आमच्या जुन्या मेकॅनिकना सगळे चाचा म्हणतात. त्यांना मी वहीच वाचून दाखवली. त्यांनी गाडीखाली बघितलंसुद्धा नाही, आधी विचारलं, "मॅडम, आत्ता गरम आहे का गाडी?" नव्हती. म्हणाले, "मग गरम करून आणा."

गरम करून आणली. चाचांनी हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले, डावी पुढची बाजू जॅकवर घेतली, न्यूट्रलला चाक हाताने फिरवलं. जेमतेम फिरलं. उजवं चाक मोकळं होतं. मग चाक काढून त्यांनी चाकाला धरणारे सांधे, म्हणजे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड, हलवून पाहिले. त्यांत ढिलाई नव्हती. कॅलिपर खोलला. कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, तेव्हाच पिस्टनच्या (ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे सरकणाऱ्या दट्ट्याच्या) दाबाने दोन्ही पॅड डिस्कला सारखे टेकतात आणि सारखे सुटतात. आमच्या खालच्या पिनचा रबरी बूट फाटला होता, आत गंज आणि वाळलेला गाळ होता, आणि पिन पक्कडीनेही फिरत नव्हती. आतला पॅड बाहेरच्या पॅडपेक्षा बराच पातळ झाला होता, तेही अडकलेल्या पिनचंच लक्षण.

सगळं जुळत होतं. पिना काढून घासल्या, नवे बूट घातले, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पॅड दोन्ही बाजूंचे नवे टाकले, कारण एकाच बाजूला नवे टाकले तर ब्रेक असमान लागतो. एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकली होती आणि मी ती बोलूनही दाखवली. जुने चार पॅड बाकावर ओळीने ठेवले होते. डावा आतला सर्वांत पातळ, ते ठीक. पण डावा बाहेरचासुद्धा उजव्या दोन्ही पॅडपेक्षा पातळ होता. पिन अडकली तर मुख्यतः एकच पॅड घासला जातो, दुसऱ्याने इतकं का झिजावं? चाचा त्या पॅडकडे थोडा वेळ बघत राहिले. "घाट उतरून बघा," म्हणाले, "मग बोलू."

घाट उतरला. ओढ कमी झाली होती, पण होती. आणि आता लक्ष देऊन चालवत असल्यामुळे आणखी एक गोष्ट कळली. ब्रेक दाबला की पहिल्या क्षणी गाडी किंचित उजवीकडे कलायची, आणि ब्रेक सोडल्यावर डावीकडे ओढायची. म्हणजे डावा ब्रेक लागायलाही उशीर करत होता आणि सुटायलाही.

हे ऐकल्यावर चाचांनी कॅलिपरला हात लावला नाही. गाडी तापलेली असतानाच डावं चाक पुन्हा जॅकवर घेतलं. चाक जड. मग त्यांनी जी परीक्षा घेतली ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. बॉडीवरून येणारी धातूची ब्रेक लाइन जिथे रबरी होज पाइपला जोडलेली असते, तो नट त्यांनी आधी किंचित सैल केला. थोडं ब्रेक ऑइल पाझरलं. चाक फिरवलं, तसंच जड. नट पुन्हा आवळला. मग कॅलिपरवरचं एअर काढायचं निप्पल, त्यावर नळी आणि फडकं धरून, अर्धा फेरा उघडलं. ऑइलची एक जोरदार पिचकारी उडाली आणि चाक हाताखाली मोकळं फिरायला लागलं.

अर्थ असा. निप्पल उघडल्यावर चाक सुटलं, म्हणजे ते गंजाने अडकलं नव्हतं, आत ऑइलचा दाब कोंडला होता. तो दाब वरून, मास्टर सिलिंडरकडून (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या भागाकडून) येत असता तर वरचा नट सैल केल्यावरच सुटला असता. वरून सुटला नाही आणि खालून सुटला, तर मधे उरतो फक्त होज पाइप. आतून फुगलेला होज सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखा वागतो, आत जाऊ देतो, बाहेर येऊ देत नाही. पायाचा जोर मोठा असतो, त्याने ऑइल कसंबसं पुढे ढकललं जातं. परत यायला तेवढा जोर नसतो, म्हणून ते अडून बसतं. पॅड घासत राहतात, उष्णतेने कॅलिपरमधलं ऑइल प्रसरण पावतं, दाब आणखी वाढतो. उभ्या गाडीत ते हळूहळू झिरपून मागे जातं, आणि सकाळी सगळं ठीक.

चाचांनी नवा होज टाकल्यावर जुना ब्लेडने लांबीत चिरून दाखवला. बाहेरून त्यावर बारीक भेगांपलीकडे काही नव्हतं. आतलं अस्तर मात्र सुटून फुगलं होतं, मोकळी वाट सुईएवढीच राहिली होती. होज जिथे लोखंडी ब्रॅकेटमध्ये धरलेला असतो तिथे गंजाचा थर चढून त्याने नळी बाहेरूनही आवळली होती. समुद्राजवळच्या आणि पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांमध्ये ही जागा मुद्दाम बघावी. होज आम्ही डावा-उजवा दोन्ही बदलले, कारण उजव्यानेही तेच पावसाळे पाहिले होते. होज कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टची तांब्याची वॉशरं नवी टाकली, जुनी पुन्हा वापरली तर ऑइल झिरपतं. ब्रेक ऑइलही सगळं बदललं. ते हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट 4 या दर्जाच्या कोरड्या ऑइलचा तो किमान 230 अंश सेल्सिअस असतो, ओलावा घेतलेल्याचा किमान 155. डावं चाक तापत असताना घाटाच्या मधोमध ते उकळलं असतं तर ऑइलमध्ये वाफ झाली असती आणि पेडल सरळ खाली गेलं असतं. तो विचार करून माझ्या अंगावर काटा आला. होजची जोडी आणि ऑइल मिळून झालेला खर्च दोन नव्या टायरच्या पासंगालाही पुरला नसता.

त्यानंतर कुंभार्ली उतरून पोफळीला थांबले आणि दोन्ही चाकांजवळ तळहात धरून पाहिला. दोन्हीकडे सारखीच धग. खेर्डीपर्यंत स्टिअरिंगवर बोटं टेकवून आले. ब्रेक घासत असल्यामुळे वाढलेला पेट्रोलचा हिशेबही पूर्वीच्या जागी आला.

एवढ्यात आमच्या शेजारच्या काकांनी त्यांच्या गाडीबद्दल विचारलं. त्यांची गाडी एरवी सरळ जायची, पण ब्रेक दाबला की उजवीकडे झुकायची, आणि त्यांना उजव्या चाकाचा ब्रेक जाम झाल्याची शंका होती. फक्त ब्रेक दाबतानाच ओढते आणि सोडल्यावर सरळ होते, तर ज्या बाजूला जाते तिथला ब्रेक बहुधा नीट काम करत असतो आणि दुसऱ्या बाजूचा करत नसतो. चाचांनी डावा कॅलिपर खोलला. पिस्टन गंजून जागच्या जागी बसला होता, पेडल दाबूनही बाहेर येत नव्हता. तिथे होजला काही झालं नव्हतं, कॅलिपरच बदलावा लागला.